साधी घरंही जपा : पेनिन्सुला गावाबद्दल

भारतातून कुणी आलं की नायगाराच्या आधी मी त्यांना आमच्या अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या, अॅक्रन शहराजवळच्या पेनिन्सुला गावात नेते. वस्ती पाच-साडेपाचशेची. "इथं बघायचं काय?" हा प्रश्न ठरलेला, म्हणून आज सविस्तर लिहिते.

कालवा म्हटलं की आपल्याला ऊस आणि पाण्याची पाळी आठवते. या गावातून गेलेला ओहायो-ईरी कालवा मात्र मालवाहतुकीचा. १८२५च्या ४ जुलैला कुदळ पडली, १८२७ला अॅक्रनहून क्लीव्हलंडला पहिली बोट गेली, १८३२पर्यंत ३०८ मैल पुरे झाले. खोली अवघी ४ फूट! काठाच्या वाटेवरून खेचरं चालायची आणि दोरानं बोट ओढायची.

अॅक्रन ते क्लीव्हलंड उतार मोठा, म्हणून वाटेत ४४ लॉक. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला दगडी हौद. बोट आत घ्यायची, दार लावायचं, आतलं पाणी बाहेर सोडायचं, की बोट पाण्याबरोबर खाली उतरते. २९वा लॉक या गावातच आहे. त्याला लागून कालवा पुलावरून कायाहोगा नदी ओलांडायचा : खाली नदी, वर कालवा, कालव्यात बोट. आता कालवा कोरडा आहे, पण लॉकच्या भिंती उभ्या आहेत. मी दर खेपेला आत उतरून त्या दगडांवर हात ठेवते.

बोटी इथं खोळंबायच्या, त्यावर गाव वाढलं. खाणावळी आल्या, दुकानं आली, बोटी बांधायचं काम आलं. जवळच्या खाणीतल्या वालुकाश्माची जाती अॅक्रनच्या गिरणीत ओटचं टरफल काढायला जायची. क्वेकर ओट्सच्या इतिहासातली ती गिरणी. १८८०ला नदीकाठानं रेल्वे आली आणि माल रुळांवर गेला. १९१३च्या पुरानं कालवा कायमचा मोडला.

आता घरांकडे बघा. इथं वसायला आलेली बरीच माणसं कनेक्टिकट राज्यातली. त्यांनी लाकडी फळ्यांत ग्रीक देवळाची ठेवण आणली : रस्त्याकडे तोंड केलेला त्रिकोणी माथा, त्याखाली रुंद पट्टी, कोपऱ्यांना सपाट खांब. सुतारानं हातानं केलेलं काम. मला वाड्यांपेक्षा ही घरं जास्त बोलकी वाटतात, कारण ती कष्टकऱ्यांच्या गावाची आहेत.

म्हणूनच एक गोष्ट सलते. १९७४मध्ये गावाभोवतीची कायाहोगा नदीची दरी संरक्षित झाली, २०००मध्ये राष्ट्रीय उद्यान झाली. जंगल वाचलं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्या काळात सरकारनं दरीतली शेकडो घरं विकत घेतली आणि त्यातली बरीच पाडली. माणसं उठवून राखलेल्या निसर्गाला मी पूर्ण यश म्हणणार नाही. पुढे उद्यानानंच जुनी शेतघरं शेतकऱ्यांना दीर्घ मुदतीच्या भाड्यानं दिली, आणि तिथं पुन्हा चुली पेटल्या. दरीत रिकामं उभं असलेलं प्रत्येक जुनं घर असंच राहत्या माणसांच्या हाती द्यावं, एवढी माझी मागणी आहे.