भोसकला गेलेला तोही गुंडच?

जळगाव-भुसावळकडे चाकू चालल्याची बातमी आली की दोन तासांत ग्रुपवर तोच मजकूर फिरतो : ‘साध्यासुध्या माणसाला कुणी हात लावत नाही. ज्याला भोसकलं तोही गुंडच. ही पोरं मुळातच तशी. असल्यांना भरपाई कशाला? आपसात संपले तर पोलिसांचं काम हलकं.’

यात थोडं खरं आहे, ते आधीच मान्य करतो. मारणारे आणि मार खाणारे बरेचदा तेच ते असतात. अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञ मार्विन वोल्फगँग यांनी फिलाडेल्फिया शहरातले १९४८ ते १९५२ या काळातले ५८८ खून तपासले. २६ टक्के प्रकरणांत पहिला हात मयतानेच उचलला होता. पण म्हणजे चारातल्या तिघांनी उचलला नव्हता! केळीचं पान पिवळं पडलं की दर वेळी करपा रोगच नसतो, हे रावेर-यावलच्या माणसाला मी काय सांगू? आणि घरात नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला हा मजकूर वाचून दाखवायची कुणाची छाती आहे?

‘मुळातच तशी’ हेही तपासलं गेलंय. संशोधक कॅथी विडम यांनी १९८९ मध्ये अमेरिकेतल्या, लहानपणी मारझोड किंवा हेळसांड सोसलेल्या ९०८ मुलांची तुलना इतर ६६७ मुलांशी केली. अल्पवयात अटक झालेले पहिल्या गटात २६ टक्के, दुसऱ्यात १७. म्हणजे मार आधी, गुन्हा नंतर. आणि मार खाऊनही बहुतेक मुलं त्या वाटेला गेलीच नाहीत.

गुन्ह्यात जखमी झालेल्याला भरपाई देण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या कायद्याच्या कलम ३९६ मध्ये आहे. जुनी केस निघाली म्हणून टाक्यांचं बिल कमी होत नाही.

राहिलं पोलिसांचं काम. मागच्या उन्हाळ्यात नातेवाइकाला घेऊन एका दवाखान्यात रात्रभर बसलो होतो. शेजारच्या बाकावर विशीतला पोरगा, भुवईवर टाके, बनियनवर वाळलेलं रक्त. जबाब घ्यायला आलेल्या हवालदाराचा पहिलाच प्रश्न, “तुझ्यावर आधीच्या केसेस किती?” एक होती. जबाब चार ओळींत आटोपला. हवालदाराची पाठ वळताच पोराने फोन लावला. “आते दखस मी त्याले,” (आता बघतो मी त्याला) एवढंच बोलला, आणि सलाईन संपायची वाट बघत बसला.