तेझुकांच्या रेषेवर डिस्नेचा शिक्का मारण्याआधी

जपानी मांगाचा, म्हणजे तिथल्या चित्रकथांचा, विषय निघाला की एक विधान हमखास कानावर येतं. मांगाकार ओसामु तेझुका म्हणजे ‘जपानचा डिस्ने’. मोठाले डोळे त्यांनी डिस्नेकडून उचलले, गोंडस प्राणीही तिथूनच आणले, आणि त्यांचं सगळं काम पोराटोरांसाठी होतं, मोठ्यांच्या गोष्टी नंतरच्या लोकांनी आणल्या. हे इतक्यांदा पुढे ढकललं गेलंय की लोक ते माहिती म्हणून सांगतात. तेझुका मी वर्षानुवर्षं वाचत आलोय आणि प्रत्येक वेळी हे ऐकून मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी डोळे. यातलं अर्धं खरं आहे. तेझुका लहान असताना त्यांच्या वडिलांकडे घरगुती प्रोजेक्टर होता. मिकी माउस आणि चॅप्लिन त्यांनी घरच्या भिंतीवर पाहिले. पुढे ‘बांबी’ने तर त्यांना वेडच लावलं. १९५२ साली त्यांनी ‘बांबी’ आणि ‘पिनोकिओ’ दोन्ही मांगात उतरवले. हे ऋण त्यांनी कधी लपवलं नाही, उलट उघडपणे सांगितलं.

पण ते वाढले कुठे, हे कुणी विचारत नाही. ओसाकाजवळच्या ताकाराझुका गावात. तिथे १९१४पासून एक संगीत नाट्यसंस्था आहे, तिच्यात सगळ्या भूमिका बायकाच करतात, पुरुषांच्यासुद्धा. आपल्याकडे बालगंधर्व स्त्रीभूमिका करत, तिथे नेमकं उलट. आई छोट्या ओसामुला हे प्रयोग बघायला न्यायची. शेवटच्या रांगेलाही डोळे दिसावेत म्हणून त्या नटी ते काजळाने मोठे रंगवत. १९५३ साली ‘शोजो क्लब’ मासिकात सुरू झालेल्या ‘रिबोन नो किशी’ या त्यांच्या मांगाची नायिका सफायर बघा. जन्माला येताना तिला मुलाचं आणि मुलीचं अशी दोन्ही हृदयं मिळालेली आहेत आणि ती राजपुत्राच्या वेशात वाढते. तिचा झगा, तिची तलवार, उभं राहण्याची ती ऐट, सगळं ताकाराझुकाच्या रंगमंचावरून आलेलं आहे. शिवाय चित्रकार जुनइची नाकाहारांनी युद्धाच्या आधीच मुलींच्या मासिकांत मोठ्या डोळ्यांच्या मुली काढल्या होत्या. म्हणजे डोळ्यांची ही वाट एकट्या हॉलिवुडातून येत नाही.

आता प्राणी. इथे सिंह आठवतो. तेझुकांची ‘जंगल ताइतेई’ ही मांगा १९५० साली सुरू झाली, तिचा नायक लिओ हा पांढरा सिंह. १९९४ साली डिस्नेचा ‘द लायन किंग’ आला तेव्हा साम्य पाहून जपानमध्ये बरीच खळबळ झाली. मांगाकार माचिको सातोनाकांच्या पुढाकाराने डिस्नेला पत्रही गेलं. डिस्नेने नक्कल केल्याचं नाकारलं. मला इथे कुणाला चोर ठरवायचं नाही. पण ‘उचलेगिरी’चा बाण एकाच दिशेने सोडणाऱ्यांनी हे प्रकरण माहीत करून घ्यावं.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो लिओचा शेवट. हिमवादळात डोंगरावर माणसं अडकली आहेत. शेवटी लिओ आणि मिशाळ हिगेओयाजी, दोघेच उरतात. दोघंही जगणार नाहीत हे लिओला कळतं. तो त्या माणसाच्या सुऱ्यावर स्वतःला झोकून देतो, त्याने आपलं मांस खावं आणि कातडं पांघरून खाली उतरावं म्हणून. मुलांच्या मासिकात आलेली गोष्ट आहे ही. डिस्नेच्या कुठल्या चित्रपटात नायकाचं कातडं पांघरून कुणी घरी जातो?

‘पोराटोरांसाठी’ या मुद्द्याचं उत्तर इथूनच सुरू होतं. एक गोष्ट मान्य करायला हवी. मोठ्यांसाठीच्या गंभीर चित्रकथांना ‘गेकिगा’ हा शब्द १९५७ साली मांगाकार योशिहिरो तात्सुमींनी रूढ केला, आणि मोठ्यांच्या गडद गोष्टींची लाट त्यांच्यासारख्यांनीच उभी केली. तिचा दबाव तेझुकांनाही जाणवला. पण ते त्यानंतर थांबले नाहीत. ‘किरिहितो’मध्ये (१९७०) माणसाला कुत्र्याचा चेहरा देणारा रोग आहे आणि वैद्यकक्षेत्रातलं सत्तेचं राजकारण आहे. ‘अडोल्फ’ (१९८३) तर ‘शुकान बुनशुन’ या मोठ्यांच्या साप्ताहिकात आली. तिच्यात अडोल्फ नावाची तीन माणसं आहेत, एक ज्यू मुलगा, एक अर्धा जर्मन अर्धा जपानी मुलगा आणि तिसरा हिटलर.

आणि ‘ब्लॅक जॅक’. ती मात्र ‘शोनेन चॅम्पियन’ या मुलांच्याच साप्ताहिकात १९७३पासून आली. तेझुका स्वतः डॉक्टर होते. ओसाकाला वैद्यकीय शिक्षण घेतलं, १९६१ साली नारा इथून डॉक्टरेट मिळवली, विषय गोगलगाईंच्या शुक्रपेशी. त्यांचा ब्लॅक जॅक परवाना नसलेला शल्यविशारद आहे, चेहऱ्यावर टाक्यांची रेघ. एका गोष्टीत त्याला टपालाने दगडी म्यानासारखं काहीतरी येतं. पाठवणारे डॉक्टर होनमा, लहानपणी त्याला मरणाच्या दारातून परत आणणारे. ते मृत्युशय्येवर आहेत आणि कबुली देतात: त्या शस्त्रक्रियेत माझा एक चाकू तुझ्या पोटात राहिला होता. सात वर्षांनी पुन्हा उघडून पाहिलं तर शरीराने त्या पात्याभोवती कॅल्शियमचं म्यान चढवलं होतं, म्हणून तू वाचलास. ब्लॅक जॅक त्यांच्यावर निर्दोष शस्त्रक्रिया करतो. तरीही होनमा जातात, कारण वय झालेलं असतं. शेवटी तो बाहेर पायऱ्यांवर खचून बसलेला आहे, आणि होनमांची आकृती त्याला म्हणते की जिवाच्या जगण्यामरण्यावर माणसाने हुकूम चालवू पाहणं हा अहंकार नाही का? मी हे पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो.

याच्या उलट टोकाचा एक दावाही फिरतो, की मांगातलं सगळं काही तेझुकांनीच शोधलं. तोही चूक आहे. सुइहो तागावांची ‘नोराकुरो’ ही मांगा १९३१ची आहे. आणि १९४७च्या ‘शिन ताकाराजिमा’त, भरधाव गाडीने सुरू होणाऱ्या तेझुकांच्या त्या गाजलेल्या पुस्तकात, कथेची बांधणी शिचिमा साकाईंची होती.

राहिली ती गोलसर, गोंडस रेषा. तिच्यासाठी ‘बुद्ध’ (१९७२) उघडा, पहिला खंड, अगदी सुरुवात. शशजातक, म्हणजे जातककथांमधली सशाची गोष्ट, आपल्याकडे अनेकांना ठाऊक आहे. बर्फात एक म्हातारा कोसळलाय. अस्वल मासे आणतं, कोल्हा फळं आणतो, सशाला काहीच सापडत नाही. जवळजवळ शब्दांवाचून पानं सरकतात. जातकात शक्र, म्हणजे इंद्र, सशाला वाचवतो आणि चंद्रावर त्याचं चित्र काढतो. तेझुकांच्या पानावर कुठलाच देव येत नाही. मोठ्या डोळ्यांचा, गोल गालांचा ससा म्हाताऱ्याला जाळ पेटवायला लावतो आणि लिओसारखाच, त्याचं जेवण व्हावं म्हणून, आगीत उडी घेतो.