देवघेव बंद आहे

ग्रंथालयाच्या कार्यकारिणीत 'फुकट' हा शब्द उच्चारला की ठराव एकमताने मंजूर होतो. ग्रंथालयाचा कारभार सांभाळणाऱ्या 'कोहा' या सॉफ्टवेअरचा तसाच झाला. ग्रंथपाल या नात्याने मी सांगत होते की हे मुक्तस्रोत आहे, परवान्याचे पैसे पडत नाहीत; पण सर्व्हर लागेल, बारकोडचे रोल लागतील आणि ते सांभाळणारं माणूस लागेल. इतिवृत्तात एवढंच आलं : 'पैसे पडत नाहीत.'

कोहाची जन्मकथा मात्र मला मनापासून आवडते. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासाची जुनी प्रणाली २००० साल उजाडताच कोलमडणार होती आणि नवी घ्यायला पैसे नव्हते. म्हणून त्यांनी १९९९मध्ये काटिपो नावाच्या छोट्या कंपनीकडून स्वतःपुरती लिहून घेतली, जानेवारी २०००मध्ये सुरू केली आणि जगाला देऊन टाकली. आपल्या तालुक्यासारखंच ग्रंथालय ते, असं मी सभेत म्हटलं. "मग बिघडलं की त्यांनाच बोलवू," असं खजिनदार म्हणाले आणि चहा आला.

बसवण्याचं काम अध्यक्ष अण्णांच्या पुतण्याने केलं. दिवाळीत येऊन त्याने संगणकावर उबंटू ही कार्यप्रणाली टाकली, कोहा बसवलं, चकल्या खाल्ल्या आणि पुढे कॅनडाला गेला. आमचं ग्रंथालय उघडतं तेव्हा त्याची निजायची वेळ होते.

जुन्या नोंदी एका विक्रेत्याच्या प्रोग्रॅममध्ये अडकलेल्या होत्या. आमचीच पुस्तकं, आम्हीच टाइप केलेली, पण बाहेर काढून द्यायचे पैसे त्याला! ते भरले. नोंदी आल्या त्या युनिकोडच्या आधीच्या फाँटमधल्या. कोहात सगळं मराठी वाङ्मय डॉलर, कंस आणि उद्गारचिन्हांत उमटलं. शिपाईमामांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. "नवकविता दिसतेय," म्हणाले.

फाँट बदलून घेतला, तर 'ऱ्या' आडवा आला. नावात 'किनाऱ्यावर' असलेलं पुस्तक एक आजोबा हातात धरून उभे, आणि कोहा म्हणतंय, असं पुस्तक नाही. हा 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा र, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं एक चिन्ह. डोळ्यांना जुळे, यंत्राला अनोळखी. मराठी लेखक वाऱ्यावर, किनाऱ्यावर आणि ताऱ्यांकडे किती वेळा जातात, ते मला तेव्हा कळलं. दारावर पाटी लावली : 'देवघेव बंद आहे.' आजोबा म्हणाले, "पुस्तकच नाही ना तुमच्याकडे? मग हे नेतो मी." आणि नेलं.

पण खरा घोळ घातला राम गणेश गडकऱ्यांनी. नाटकं स्वतःच्या नावाने, कविता गोविंदाग्रज म्हणून आणि विनोदी लेख बाळकराम म्हणून. मार्क या ग्रंथनोंदीच्या पद्धतीत लेखक १०० क्रमांकाच्या रकान्यात बसतो. आमच्याकडे तिघे जण बसले. तिघांना एका माणसाखाली आणायची सोय कोहात आहे, पण अधिकृत नाव कोणतं ते आपण सांगायचं. अण्णांनी लगेच उपसमिती नेमली : मराठीचे दोन निवृत्त प्राध्यापक. अहवाल अजून आलेला नाही. ते दोघे हल्ली एकमेकांशी बोलत नाहीत.

बाकी सगळं रांगेला लागलं, असं वाटत असतानाच कोहाने मध्यरात्री थकबाकीदारांना आपोआप ईमेल धाडले. पुतण्याने ती सोय सुरू केली होती, दंडाच्या कमाल मर्यादेची चौकट मात्र रिकामी ठेवली होती. सर्वांत वरचं नाव अण्णांचं. पुस्तक नेलं २००३मध्ये, किंमत साठ रुपये, दंड रोज एक रुपया. आकडा साडेसात हजारांच्या पुढे गेला होता. शिवाय ईमेलच्या शेवटी, आपण आमचे सन्माननीय वाचक आहात, असंही होतं.

पुढच्या सभेत अण्णांनी विषय काढला, की फुकटचं ते फुकटच. चांगलं पैशाचं सॉफ्टवेअर घेऊ. विक्रेता माहितीपत्रकं घेऊन बाहेर बसलाच होता. खजिनदारांना धास्ती, की पुन्हा नोंदी सोडवायला खंडणी द्यावी लागणार. मी म्हटलं, नाही, कोहाला कुलूप नाही. कुणाला न विचारता, दमडी न देता आपला सगळा डेटा आपण बाहेर काढू शकतो आणि हवा तिथे नेऊ शकतो. हा त्याचा सगळ्यात मोठा गुण, आणि त्यापायी मी त्याचे नखरे सोसते.

खजिनदारांचा चेहरा खुलला. अण्णांनी चष्मा काढून पुसला.

"सगळा म्हणजे... दंडासकट?"

"दंडासकट."

विषय तहकूब ठेवण्यात आला.