मोबाइलवरचे लक्स आणि वावरातला उजेड

हरभऱ्याच्या ओलिताला रात्रीची लाइन मिळू लागली की गावोगाव बॅटऱ्यांची (आपल्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात) खरेदी वाढते आणि एक संदेशही फिरू लागतो: 'दुकानातच लक्स मीटरचे अ‍ॅप उघडून झोत फोनवर धरा, जितके लक्स तितके लुमेन, आकडा कोणत्याही फोनवर सारखाच येतो, ज्या बॅटरीचा आकडा मोठा, ती वावरात जास्त कामाची.' दुकानदाराच्या शब्दावर न विसंबता मोजून घ्यावे, हा हेतू चांगलाच आहे; विधाने मात्र टिकत नाहीत.

लक्स आणि लुमेन एकच, ही मूळ चूक. बॅटरीतून बाहेर पडणारा एकूण प्रकाश लुमेनमध्ये मोजतात, तर दर चौरस मीटरवर त्यातले किती लुमेन पडतात ते लक्स सांगतात. म्हणून अंतर न सांगता दिलेल्या लक्सच्या आकड्याला अर्थ नसतो. एका मीटरवर 10,000 लक्स दाखवणारी बॅटरी पाच मीटरवर सुमारे 400 दाखवते, आणि तिचे लुमेन तेवढेच राहतात. काच फोनला टेकवून घेतलेला आकडा तर कशाशीच ताडता येत नाही.

मोठा आकडा म्हणजे जास्त कामाची बॅटरी, हे अर्धेच खरे आहे. पाच मीटरवरचे 400 लक्स गुणिले अंतराचा वर्ग 25, म्हणजे 10,000 कँडेला (झोताच्या एका दिशेतल्या तीव्रतेचे एकक). अमेरिकेतील एएनएसआय एफएल 1 या बॅटऱ्यांच्या मानकानुसार उजेड 0.25 लक्सवर, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उतरतो तेथे झोताचा पल्ला संपतो. या बॅटरीचा तो 200 मीटर येतो. मात्र तेवढ्या उजेडात पऱ्हाटीत शिरलेले रानडुक्कर ओळखू येईल, अशी आशा कोणी बाळगू नये. शिवाय असा अरुंद झोत दूरचे दाखवतो, पण धुऱ्यावरून चालताना पायाजवळचा साप दिसायला पसरट उजेड लागतो, आणि तशी बॅटरी या चाचणीत हमखास नापास होते.

'कोणत्याही फोनवर सारखाच' हे मी घरी करून पाहिले. टेबलावर खूण करून एकच बॅटरी दोन फोनांवर धरली, तेव्हा एकाचा आकडा दुसऱ्याच्या जवळपास दीडपट आला, आणि फोन बोटभर सरकवताच तोही बदलला. फोनमधला सेन्सर स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करण्यासाठी असतो. त्यावर स्क्रीन गार्ड येतो, आणि काही अ‍ॅप तर कॅमेऱ्यावरूनच अंदाज बांधतात. चांगल्या मीटरवर तिरपा प्रकाशही नीट मोजणारी पांढरी टोपी आणि डोळ्यासारखी संवेदना देणारा फिल्टर असतो. डोळा 555 नॅनोमीटरच्या हिरवट प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो, तर पांढऱ्या एलईडीत 450 च्या आसपास निळ्याचा उंचवटा असतो. म्हणून फिल्टर सुमार असेल, तर निळसर आणि पिवळसर बॅटरीची तुलना एकाच मीटरवरही फसू शकते.

बॅटरी लावताच दिसणारा आकडाही धरू नये, कारण तापल्यावर उजेड उतरतो. त्या मानकात लुमेनचे मापन 30 सेकंद ते 2 मिनिटांच्या दरम्यान होते.

फोनच वापरायचा असेल, तर दोन्ही बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून, अंधाऱ्या खोलीत एकेक उभी ठेवून झोत पांढऱ्या छताकडे सोडावा, फोन मीटरभर दूर उताणा ठेवावा आणि अर्ध्या मिनिटाने दिसणाऱ्या दोन आकड्यांचे केवळ प्रमाण पाहावे; ते एकूण उजेडाचे, म्हणजे लुमेनचे, ढोबळ प्रमाण असते. कवेलूचे काळवंडलेले छप्पर उजेड गिळते, तेव्हा त्यापुरते शेजारच्या स्लॅबच्या घरी जावे.