कम्युनिटी कॉलेज नको, जोडीचा तास द्या

दहावीचा निकाल लागला की ठाणे-नवी मुंबईत एक मागणी हमखास कानावर येते: अमेरिकेसारखी कम्युनिटी कॉलेजं, म्हणजे दोन वर्षांची स्वस्त सरकारी कॉलेजं, आपल्याकडे काढा, म्हणजे कमी टक्केवाल्या मुलांची सोय होईल. कॅलिफोर्नियातून हे ऐकताना वाटतं, मागायला हवं ते, म्हणजे आयटीआयहून डिप्लोमाला येणाऱ्या मुलांना गणिताचा जोडीचा तास, बाजूलाच राहतंय. पाटी तर आपण लावूनही पाहिली. बाराव्या पंचवार्षिक योजनेत यूजीसीने याच नावाची योजना आणली होती. वाशी-कोपरखैरण्यातल्या किती पालकांना ती आठवते?

कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत. राज्यातल्या रहिवाशाला एका युनिटमागे (म्हणजे क्रेडिटमागे) ४६ डॉलर फी, म्हणजे ६० युनिटांची असोसिएट डिग्री (दोन वर्षांची पदवी) २,७६० डॉलरमध्ये होते आणि पुढे विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येतं. (भारतातून येणाऱ्याला हा दर मिळत नाही, युनिटमागे शेकडो डॉलर जास्त पडतात. ‘स्वस्तातली अमेरिका’ विकणाऱ्या एजंटला हे आधी विचारा.)

पण ही वाटही सरळ नाही. इंजिनिअरिंगला जायचं तर कॅल्क्युलसचे भाग एकामागून एकच घ्यावे लागतात, आणि इंजिनिअरिंगचं फिजिक्स कॅल्क्युलसशिवाय मिळत नाही. सुरुवातीचा एक विषय हुकला की अख्खी माळ सहा महिने मागे जाते. म्हणून काउन्सेलर मुलाला समोर बसवून सत्रवार तक्ता करून देतो: कधी कोणता विषय, आणि तो कोणत्या विद्यापीठात धरला जाईल. तक्ता न करता मिळेल तो विषय घेत गेलेल्या मुलाची ६० युनिटं भरतात, तरी विद्यापीठ म्हणतं, हे दोन विषय राहिलेच.

आपल्याकडे वाटच नाही, हे मात्र खरं नाही. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड, मग तंत्रनिकेतनातल्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात, तिथून इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षात. दोन, दोन आणि तीन मिळून सात वर्षं. अकरावी-बारावी करून सहा. एक वर्ष जास्त जातं, पण हाताशी ट्रेड असतो. ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटर आहेत. त्यांची चोवीस तास चालणारी कूलिंग आणि पॅनल सांभाळायला रेफ्रिजरेशन-एसी मेकॅनिक आणि इलेक्ट्रिशियन लागतात. तळोज्याच्या केमिकल कारखान्यांना एओसीपी, म्हणजे अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट. टक्क्यांवरून ट्रेड ठरवण्याआधी घराजवळचा पट्टा कोणाला कामावर घेतो ते पाहावं.

अप्रेंटिसशिपचंही तसंच. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला त्यांच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, आणि ४ ते २९ माणसांच्या आस्थापनेलाही हवे तर घेता येतात. वागळे इस्टेटमधल्या बारा माणसांच्या युनिटकडेही त्यासाठी विचारायला हरकत नाही. घोळ होतो तो ठेकेदार मुलाला नुसता ‘ट्रेनी’ म्हणून लावतो तेव्हा. सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर करार नसतो, त्यामुळे वर्ष भरूनही परीक्षेला बसता येत नाही आणि एनएसी, म्हणजे राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र, मिळत नाही. रुजू होण्याआधी कराराचा क्रमांक मागा, त्यावर ट्रेडचं नाव बरोबर आहे का ते वाचा.

वाट खरी तुटते ती डिप्लोमाच्या दारात. इलेक्ट्रिशियन ट्रेडचा मुलगा आयटीआयमध्ये दोन वर्षं मोटर उघडतो, वाइंडिंग तपासतो, क्लॅम्प मीटर लावून करंट मोजतो, आणि शिकवणं बहुतेक मराठीतून असतं. डिप्लोमाच्या वर्गात तोच करंट फळ्यावर कॉम्प्लेक्स नंबर होऊन येतो. थेट दुसऱ्या वर्षात आल्याने डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचं गणित त्याने केलेलंच नसतं, पुस्तक इंग्रजीत असतं. आल्यावर पहिल्याच सेमिस्टरला केटी लागते, म्हणजे विषय राहतो, आणि वर ऐकून घ्यावं लागतं, ‘आयटीआयवाल्यांना झेपत नाही.’ हे त्या मुलावर अन्यायाचं आहे. सुटलेल्या पहिल्या वर्षाचं गणित त्याला कोणी शिकवलंच नाही.

कॅलिफोर्नियातही गणितात कच्च्या मुलांना आधी खालच्या वर्गांत बसवत. त्यात सत्रामागून सत्र जाई आणि कितीतरी मुलं तिथूनच कॉलेज सोडत. २०१७ च्या एबी ७०५ कायद्याने ते बदललं. आता बहुतेकांना थेट विद्यापीठाच्या पातळीच्या गणितात घेतात, आणि गरज असेल त्याला त्याच सत्रात जोडीला आधाराचा वर्ग मिळतो. इथले काही प्राध्यापक याच्या विरोधात आहेत. त्यांचं म्हणणं, सायन्स-इंजिनिअरिंगच्या मुलांचा पाया कच्चा राहतो. तो धोका आहेच, म्हणून तास पुरेसे हवेत.

ठाण्यातल्या तंत्रनिकेतनांकडे मागायचं तर हे मागा: आयटीआयहून आलेल्यांना तिसऱ्या, म्हणजे त्यांच्या पहिल्याच, सेमिस्टरला आठवड्याचे चार तास, वेळापत्रकात छापलेले. दोन तास पहिल्या वर्षाचं गणित, मराठीतून, त्यांनी हाताळलेल्या मोटरच्याच उदाहरणांवर. दोन तास इंग्रजी पुस्तकातली गणितं वाचून समजून घ्यायला. गणिताच्या मॅडमबरोबर आयटीआयचा एक निदेशक (इन्स्ट्रक्टर) वर्गात असावा, कारण मुलाला काय येतं हे त्यालाच ठाऊक असतं.