तुऱ्यातलं विमान

"फवारणीचं का हो? एकराला किती घेता?"

रविवारी सकाळी माहुलीच्या अलीकडच्या माळावर गाडीच्या डिकीतून माझं हाताने फेकायचं रिमोटचं विमान काढलं, की पहिला प्रश्न हाच. नाही म्हटलं की दुसरा : कॅमेरा आहे का? तोही नाही म्हटलं की तिसरा : मग मोटर तरी? मोटरसुद्धा नाही हे कळल्यावर समोरच्याच्या तोंडावर जी दया दाटते, ती मी याआधी फक्त बारावीच्या निकालादिवशी पाहिली होती. एका पोराने शेवटी विचारलंच, "मग हे करतं काय?"

वर राहतं. बाकी काही करत नाही.

पंख टोकापासून टोकापर्यंत दीड मीटर, कारण स्पर्धेचा नियम त्याहून जास्त लांबी चालवून घेत नाही. वजन सहाशे ग्रॅमपर्यंत चालतं, पण माझं अडीचशेच भरतं. म्हणजे पाव किलो कंदी पेढे. किंमत मात्र मी पेढ्यांत सांगत नाही. घरी तर कशातच सांगत नाही.

पंखाच्या एका टोकाला छोटी खुंटी असते. ती बोटांत धरायची, थाळीफेक करणाऱ्यासारखी गिरकी घ्यायची आणि सोडून द्यायचं. तरणी पोरं साठ मीटर वर फेकतात. मी पन्नाशीचा, माझं विमान तीस मीटर जातं आणि खांदा उरलेले तीस.

आम्ही चौघं आहोत. स्पर्धा आपसातच, पण नियम अगदी आंतरराष्ट्रीय. माझा लाडका प्रकार असा : दहा मिनिटांत तीन उड्डाणं, प्रत्येकाची जास्तीत जास्त तीन मिनिटं वीस सेकंदं धरायची. बेरीज करून पाहा. बरोबर दहा मिनिटं! खाली उतरवू, घाम पुसू, मग पुन्हा फेकू, असल्या चैनीला नियमात एक सेकंदही ठेवलेला नाही. परत येणारं विमान हातानेच झेलायचं आणि पाय जमिनीला टेकलेत की नाही हे बघायच्या आत पुन्हा भिरकवायचं. शेजारी स्टॉपवॉच घेऊन भाचा उभा. एरवी मला "मामा" म्हणणारा हा मुलगा तिथे "झेला! फेका! मान वर!" एवढंच बोलतो. मैदानाबाहेर उतरलं तर त्या उड्डाणाला शून्य.

आता मोटर नसताना ते वर राहतं कसं? नांगरलेलं काळं रान उन्हाने लवकर तापतं, त्यावरची हवाही तापते आणि वर सुटते. त्या हवेत शिरायचं आणि गोल गोल फिरत राहायचं. ती दिसत नाही, घारींना मात्र कळते. म्हणून आम्ही घारींची कॉपी करतो. परीक्षेत जमली नाही ती इथे खपते. हिरव्या उसावर याच्या बरोबर उलटं. तिथे ओल, गारवा, आणि विमान मुकाट खाली.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही डिसेंबरातल्या त्या रविवारी, तिसऱ्या उड्डाणात, घारीखालची हवा सापडली आणि मी तिच्याबरोबर वाऱ्यावर वाहवत गेलो. ती अशी वाहतेच. सुरुवात नांगरटीवर झाली होती. दोन मिनिटं पन्नासला मी खाली पाहिलं, तर तात्यांचा ऊस.

"मामा, माघारी आणा."

"अजून तीसच सेकंदं रे."

मग विमान खाली बसलं. माणूस जेवून लोडाला टेकावा तसं, सावकाश आणि कायमचं. उसाला तुरे आलेले. पांढऱ्या तुऱ्यांत पांढरं विमान. हरवलं तर चिवचिवणारं एक यंत्र मिळतं, पण त्याचं वजन चार ग्रॅम, आणि हलकेपणाच्या हव्यासाने मी ते घरीच काढून ठेवलं होतं.

पुढचे अडीच तास मी सरीतून फिरलो. भाचा बांधावरून रिमोटच्या दांड्या हलवत होता, म्हणजे विमानातल्या इवल्या मोटारी कुरकुरतील आणि मी ऐकेन. ("मोटर नाही" म्हणालो होतो खरं, पण या नुसत्या शेपटी नि पंखाच्या पट्ट्या हलवतात.) त्या कुरकुरल्याही असतील. पण वाऱ्यात अख्खा फडच कुरकुरत होता. मी बाहेर आलो तेव्हा हातांवर पाल्याचे ओरखडे आणि मानेत उसाची बोचरी कूस.

तात्या बांधावर तंबाखू मळत होते. "कशाला जिवाला तरास? तोड आली की गावंल की."

"कधी येणार?"

"टोळी यील तवा. न्हायतर पेटवूनच तोडू म्हनत्यात, लवकर हुतं."

पेटवून! त्या रात्री मी जेवलो नाही. तेव्हापासून रोज सकाळी तात्यांना फोन करून जळक्या उसाचे पैसे कारखाना कसे कापतो, हे त्यांच्याच धंद्यातलं ज्ञान त्यांनाच देतोय. परवा ते वैतागले. म्हणाले, "आवं, माझ्यापरास तुमालाच घाई. तुमीच गाठा चिटबॉयला."

गाठला. चिटबॉय म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा माणूस. सोबत पाव किलो कंदी पेढे नेले होते. त्याने पुडा हातात तोलला, वही उघडली आणि विचारलं, "क्षेत्र किती तुमचं?"

"दीड मीटर," मी म्हणालो.