मिलिटरीवाल्या सोनोग्राफीच्या फॉरवर्डबद्दल

काल रात्री मावशीचा फोन. मावसभाऊ बाइकवरून पडलाय, हँडल पोटात लागलंय, सोनोग्राफी नॉर्मल आलीय पण दुखणं वाढतंय, डॉक्टर सीटी सांगतायत आणि हा पठ्ठ्या नको म्हणतोय. का, तर ग्रुपवर आलंय की मिलिटरीत खिशातल्या सोनोग्राफीवर पोटातली प्रत्येक जखम दिसते, ती नॉर्मल म्हणजे पोट सेफ, सीटी नुसती बिल वाढवायला, आणि असं एक मशीन प्रत्येक गावात घ्या.

अरे बाबांनो, मी रोज हेच काम करतो. त्या तपासणीला फास्ट म्हणतात आणि त्यात आम्ही जखम शोधतच नाही, मोकळं रक्त शोधतो. लिव्हर आणि उजव्या किडनीमधली फट, स्प्लीनच्या (प्लीहेच्या) बाजूला, ओटीपोटात आणि हृदयाभोवती, बस, चार जागा. स्क्रीनवर राखाडी लिव्हरखाली काळी पट्टी दिसली की रक्त समजायचं. ती पट्टी दिसायलाही साधारण 200 मिली तरी जमावं लागतं, आणि आतडं फाटलं तर सुरुवातीला तेवढं काही जमतच नाही, शिवाय किडनीच्या मागे होणारा रक्तस्राव यात नीट दिसत नाही तो वेगळाच.

मिलिटरीचंच ऐकायचंय ना? अफगाणिस्तानात कँप बॅस्टियनला ब्रिटिशांचं हॉस्पिटल होतं, तिथल्या जखमींचा अभ्यास 2015 ला ॲनल्स ऑफ सर्जरी या मेडिकल जर्नलमध्ये आला. फास्टने पोटातल्या इजा पकडल्या 56 टक्के. म्हणजे जवळपास निम्म्या सुटल्या! सीटीने जवळजवळ सगळ्या पकडल्या. युद्धातल्या हॉस्पिटलात सीटी होतं ते काय बिल लावायला?

हां, एक मान्य. फास्ट पॉझिटिव्ह आली तर ती सहसा खोटी नसते, बीपी पडलेला असेल तर सीटीत वेळ न घालवता सरळ ऑपरेशनला नेतात. एकदम दहा जखमी आले तर आधी कोणाला घ्यायचं तेही ठरतं. लहान मशीनमागे अमेरिकन लष्कराचा पैसा होता हेही खरंय. सीटीत रेडिएशन असतं, तेही खरं, पण फुटलेल्या आतड्यापुढे ते काय घेऊन बसलात.

आणि गावात मशीन घ्या म्हणे. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग तपासणी रोखणारा कायदा, ऐकलाय का, रजिस्ट्रेशन नसेल त्याला सोनोग्राफी मशीन विकताही येत नाही.

मावसभावाला आत्ताच सीटीला नेलंय. फॉरवर्ड कोणी पाठवलं ते तो सांगत नाहीये, मी काढतोच शोधून.